पातळी राखणारी सुई

महाराष्ट्रातील व्यापारी पेठांमध्ये एक काळ असा होता, की पेढीच्या दारात उभी असलेली फियाट ही त्या घराच्या पतीची खूण मानली जाई. नंबर लावल्यापासून गाडी हाती येईपर्यंत वर्षे लोटत. म्हणून ती आली की बॉनेटवर कुंकवाचा साथिया रेखून, नवकार मंत्र म्हणून तिचे स्वागत होई आणि पुढे वीस-तीस वर्षे ती घरातल्या एखाद्या ज्येष्ठ माणसासारखी वावरे.

या गाडीशी आपल्या समाजाचे नाते आणखी एका कारणाने जवळचे आहे. ती ज्या कंपनीने घडवली, ती प्रीमियर ऑटोमोबाइल्स म्हणजे सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांच्या उद्यमशीलतेचे फळ. १९१९ साली सिंदिया कंपनीचे 'लॉयल्टी' हे जहाज परकी कंपन्यांच्या मक्तेदारीला न जुमानता समुद्रात उतरवणाऱ्या या पुरुषाने १९४० साली बंगळूरला विमानांचा कारखाना उभा केला आणि १९४४ साली मोटारींची कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० बाहेर पडू लागली. १९६४ पासून तिच्या नव्या रूपाला 'डिलाइट' म्हणत. १९७४ साली तिने 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव धारण केले. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून ती साऱ्या देशाला ठाऊक झाली. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमची निवृत्त झाली. खासगी मालकांच्या घरी मात्र ती अजूनही जपलेली आढळते.

पेण येथील एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी अशीच एक पद्मिनी आहे. वडिलांनी घेतलेली ही गाडी त्यांच्या निधनानंतर दोन वर्षे आच्छादनाखाली उभी होती. नातू हौशी, त्याने ती पुन्हा चालती करण्याचे मनावर घेतले. नवी बॅटरी आली, नवे प्लग आले, नवी कॉइल आली. गाडी सुरू होई, थोडे अंतर जाई, मग आचके देऊन बंद पडे. प्रत्येक वेळी एखादा नवा भाग बसे आणि दोष मात्र होता तिथेच राही. जे बदलले, त्यातले काय खरोखर बिघडले होते, हे कोणी पाहिले नव्हते.

संवत्सरी झाल्यानंतरच्या रविवारी हे कुटुंब खोपोलीच्या आप्तांकडे क्षमापनेसाठी निघाले. व्यापाऱ्याच्या मातोश्रींनी त्या वर्षी अठ्ठाई केली होती. पारणे होऊन चारच दिवस झाले होते. पतीच्या गाडीतून जावे, ही त्यांची इच्छा. पेण-खोपोली रस्त्यावर गागोद्याची खिंड लागते. चढावर इंजिनाने दम टाकला, मागून काळा धूर निघाला आणि गाडी कडेला येऊन थांबली. पेट्रोल पोहोचत नसावे, असा सर्वांचा समज झाला. नातवाने चोक ओढला, पाय दाबून दाबून सेल्फ मारला. जितका पाय दाबावा तितका पेट्रोलचा वास वाढत होता. बॉनेट उघडले तेव्हा कार्बोरेटरच्या अंगावरून पेट्रोल ओघळून तापलेल्या इंजिनावर ठिबकत असलेले दिसले.

तेवढ्यात स्कूटरवरून जाणारे एक वयस्क मिस्त्री वास घेऊनच थांबले. त्यांचे पहिले शब्द गाडीविषयी नव्हते.

"शेठ, सेल्फ मारू नका. आधी आजींना खाली घ्या, लांब सावलीत बसवा."

मग त्यांनी बॅटरीची तार सोडवली. उडालेले पेट्रोल, तापलेले लोखंड आणि सेल्फची एखादी ठिणगी एकत्र आली, तर गाडीला पेट घ्यायला क्षण पुरतो. आजी दगडावर जाऊन बसल्या आणि मुखाने नवकार म्हणू लागल्या. दोन-चार मिनिटे आणखी सेल्फ मारला असता तर काय झाले असते, हे व्यापाऱ्याला तेव्हा उमगले आणि त्याचे हात थंड पडले.

"मिस्त्रीकाका, पेट्रोल कमी पडतंय का?" नातवाने विचारले.

"कमी कुठचं? जास्त झालंय. बुडलीये गाडी."

हे उत्तर नीट समजण्यासाठी कार्बोरेटरची रचना थोडी पाहावी लागते. पेट्रोल एकटे जळत नाही. वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे पंधरा भाग हवा लागते. मापाने सांगायचे तर एक लिटर पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी नऊ हजार लिटरच्या आसपास हवा. हा मेळ घालणे हे कार्बोरेटरचे काम. टाकीतले पेट्रोल पंप ओढून आणतो. ते थेट इंजिनात जात नाही. आधी एका लहान वाटीत साठते. त्या वाटीत पितळेचा किंवा प्लास्टिकचा एक पोकळ तरंगता डबा असतो, त्याला फ्लोट म्हणतात. पेट्रोल चढू लागले की फ्लोट वर उचलला जातो आणि एका टोकदार सुईला, म्हणजे निडलला, तिच्या बैठकीत दाबतो. पेट्रोलची वाट बंद होते. इंजिनाने पेट्रोल वापरले की पातळी उतरते, फ्लोट खाली येतो, सुई सुटते आणि जेवढे वापरले तेवढेच नवे पेट्रोल आत येते. घराच्या गच्चीवरील टाकीत पाणी भरल्यावर चेंडू वर येऊन नळ बंद करतो, त्याच तत्त्वावर हे चालते.

म्हणजे पंपाला थांबणे ठाऊक नसते. तो इंजिन चालू असेपर्यंत पेट्रोल ढकलत राहतो. थांबवण्याचे सारे काम ती एक सुई करते. तिने काम सोडले की वाटी भरून वाहते, हवेच्या वाटेने पेट्रोल सिलिंडरमध्ये उतरते, प्लग भिजतात, ठिणगी पडेनाशी होते. टाकीत पेट्रोल आहे, पंप चांगला आहे, बॅटरी नवी आहे, तरी गाडी हलत नाही.

मिस्त्रींनी घाईने काही खोलले नाही. आधी चोकची पट्टी पाहिली. ती मिटलेली अडकली असती, तर हवा अडून हीच लक्षणे दिसली असती. पट्टी मोकळी होती. प्लग काढले, ते काळे आणि ओले होते. ते पुसून वाळवले, बाहेर सांडलेले पेट्रोल टिपून उडून जाऊ दिले. पाऊण तासाने चोक पूर्ण आत ठेवून, पाय एकदाच तळापर्यंत दाबून आणि तसाच धरून सेल्फ मारायला सांगितले. पाय पुन्हा पुन्हा दाबला तर अनेक कार्बोरेटरांत प्रत्येक दाबासरशी पेट्रोलची एक पिचकारी आत जाते. तळाशी धरून ठेवला तर हवेची वाट मोकळी राहते आणि साचलेले जास्तीचे पेट्रोल निघून जाते. गाडी धूर टाकत सुरू झाली. मिस्त्री मात्र समाधानी नव्हते. ते कार्बोरेटरकडे पाहत उभे राहिले. काही क्षणांत त्याच्या अंगावर पुन्हा ओल दिसली. त्यांनी लगेच गाडी बंद करायला लावली.

ही ओल महत्त्वाची होती. तापलेले इंजिन बंद केल्यावर वाटीतले पेट्रोल उकळून वर येते, हा जुन्या गाड्यांचा एक परिचित दोष आहे. पण तो गाडी थांबल्यानंतर दिसतो. इथे इंजिन चालू असतानाच वाटी भरून वाहत होती. म्हणजे सुई थांबवत नव्हती. कारण तीनपैकी एक असणार: फ्लोटला छिद्र पडून त्यात पेट्रोल शिरले असेल व तो जड होऊन तरंगत नसेल, सुईच्या बैठकीत कचरा अडकला असेल, किंवा सुई स्वतःच झिजली असेल. पंपाचा दाब वाढला तरी सुई मागे ढकलली जाते. पण या गाडीचा पंप मूळचाच होता आणि त्याला कोणी हात लावला नव्हता.

इंजिन निवल्यावर कार्बोरेटरचे झाकण खोलले. फ्लोट कानाजवळ धरून हलवला. आत खळखळ नव्हती. रस्त्याच्या पलीकडील चहाच्या टपरीवरून गरम पाण्याचे भांडे आणवले आणि गाडीपासून दूर नेऊन त्यात फ्लोट बुडवला. छिद्र असते तर आतली हवा तापून बुडबुडे आले असते. एकही आला नाही. फ्लोट निर्दोष ठरला. मग मिस्त्रींनी सुई उन्हात धरली आणि तिच्या टोकावरून नख फिरवले. "हे बघा शेठ," ते म्हणाले. सुईच्या निमुळत्या टोकाभोवती एक बारीक कडे पडले होते. नजरेला सहज दिसणार नाही, पण नखाला लागेल एवढे. आणि बैठकीत तांबूस गंजाचे दोन-तीन कण होते.

गंज टाकीतला. दोन वर्षे अर्धवट भरलेल्या टाकीत ओल धरली, पत्र्याला गंज चढला. त्यात हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी शोषते, जुन्या टाकीतील साचलेला मळ सोडवते आणि त्या काळच्या रबराच्या नळ्यांना मानवत नाही. वाटेतली गाळणी फाटलेली होती. तिथून कण पुढे आले आणि सुईखाली बसले. वर्षानुवर्षे बसता-उठता सुईला कडे पडले होतेच. तिला थोडी फट हवी होती, ती कणांनी दिली.

बैठक धुऊन, फुंकून स्वच्छ केली. नळीत नवी गाळणी घातली. सुई तात्पुरती परत बसवली, पेट्रोल ठिबकत नाही याची खात्री केली आणि गाडी हळूहळू पेणला माघारी नेली. आजी मात्र एसटीने परतल्या. मिस्त्रींनी त्यांना गाडीत बसू दिले नाही. दुसऱ्या दिवशी टाकी उतरवून धुतली, नळ्या बदलल्या आणि नवी सुई तिच्या बैठकीसह बसवली. जुन्या बैठकीवर नवी सुई बसवली तर दोघींचा मेळ जमत नाही, म्हणून जोडीच बदलतात. बॅटरी, कॉइल आणि प्लग यांवर आधी जे खर्चले होते, त्याच्या तुलनेत हा खर्च किरकोळ होता. त्यानंतर गाडीने तक्रार केलेली नाही.

या सगळ्यात विचार करण्यासारखी गोष्ट ही, की दोष अभावाचा नव्हता आणि तरी तो अभावासारखाच दिसत होता. इंजिन चालत नाही म्हणजे त्याला काहीतरी कमी पडते, असे मन लगेच ठरवते आणि हात आणखी देऊ लागतो. जितके अधिक दिले जाते, तितके इंजिन अधिक बुडते.

व्यापारी घरांना हे चित्र अपरिचित नाही. हंगामापूर्वी जास्त सूट मिळते म्हणून माल उचलला जातो, गोदाम भरते, उधारी पसरते आणि मग गल्ल्यात रोकड नसते. रोकड नाही म्हणजे भांडवल कमी, असा निष्कर्ष निघतो आणि बँकेकडे कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवण्याचा अर्ज जातो. १९७४ साली, ज्या वर्षी पद्मिनीला तिचे नाव मिळाले त्याच वर्षी, रिझर्व्ह बँकेने टंडन समिती नेमली होती. बँकेचा पैसा नुसत्या मालाच्या ढिगाऱ्यात अडकू नये, कोणत्या उद्योगाने किती महिन्यांचा माल व किती येणी बाळगावीत याचे प्रमाण असावे, हा त्या समितीच्या अहवालाचा गाभा होता. समितीचे निकष पुढे बदलले; पण गोदामातला माल हा पैसा नसून अडकलेला पैसा आहे, हे तत्त्व बदललेले नाही.

पेणच्या या व्यापाऱ्याच्या टेबलावर त्या आठवड्यात असाच एक अर्ज भरून पडला होता. राहत्या घराचे तारण वाढवून मर्यादा वाढवायची होती. अर्ज पाठवण्यापूर्वी त्याने मुलाला मालाची वही काढायला सांगितली आणि दोघांनी गोदामातील प्रत्येक थप्पीवर तारीख घातली. आठ महिन्यांहून जुना माल पुष्कळ निघाला. काही येणी तर विसरलेलीच होती.

"पप्पा, म्हणजे आपल्याला कमी पडत नव्हतं," मुलगा म्हणाला.

अर्ज फाडला गेला नाही. तो पुढे ढकलला गेला. दिवाळीपर्यंत जुना माल कमी नफ्यात काढला, येणी वसूल केली, आणि मग त्या अर्जाची गरज उरली नाही. आजींचे घर तारणाच्या वाढीव ओझ्यातून वाचले.

आपल्या परंपरेने ही गोष्ट फार आधी पाहिली होती. उपासकदशांग या सातव्या अंगाच्या आरंभी वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाची कथा येते. चार कोटी सुवर्णमुद्रा कोषात, चार कोटी व्यवहारात आणि चार कोटी घरातील वैभवात, शिवाय दहा-दहा हजार गाईंचे चार गोकुळ, असा हा गृहस्थ. भगवान महावीरांसमोर त्याने व्रते घेतली, तेव्हा हे सारे टाकून दिले नाही. जेवढे आहे त्यापुढे नको, अशी रेषा आखली. वाहनांचीही मर्यादा त्याने ठरवली: पाचशे गाडे दूरच्या प्रवासाला, पाचशे स्थानिक वाहतुकीला, त्याहून अधिक नाही. वाटी रिकामी करणे हे इच्छा-परिमाणाचे काम नव्हे. तिची पातळी राखणे, हे आहे. म्हणूनच ते गृहस्थाला शक्य आहे आणि व्यापाऱ्याला तर हिताचे आहे.

पण शास्त्रकारांनी व्रत सांगून विषय संपवला नाही. प्रत्येक व्रताचे अतिचार सांगितले. परिग्रह-परिमाणाचे अतिचार म्हणजे शेत-घर, सोने-चांदी, धन-धान्य, नोकर-चाकर, भांडीकुंडी यांच्या ठरलेल्या मर्यादेचे सूक्ष्म उल्लंघन. व्रत मोडलेले नसते. पण ते पूर्ण पाळलेलेही नसते. दोन घरांमधली भिंत पाडून 'एकच घर' म्हणणे, माल मुलाच्या नावावर ठेवणे, मर्यादा रुपयात आखून भाव वाढला की ती सोयीने वाढवून घेणे, ही त्याची रूपे. अतिक्रम, व्यतिक्रम, अतिचार आणि अनाचार, अशा चार पायऱ्या परंपरा सांगते. सुईवरचे नखाला लागणारे ते कडे अतिचारासारखेच आहे. सुई जागेवर बसलेली दिसते, पण पुरती मिटत नाही. थेंब थेंब झिरपत राहतो आणि एखाद्या चढावर, ताण आला की, सारी वाटी वाहू लागते.

म्हणूनच प्रतिक्रमण रोजचे आहे, पाक्षिक आहे, चातुर्मासिक आहे आणि सांवत्सरिकही आहे. मर्यादा एकदा आखून चालत नाही. तिच्यावरून अधूनमधून नख फिरवून पाहावे लागते. पद्मिनीच्या सुईला दोन वर्षे कोणी पाहिले नाही, ती उभ्या उभ्या गंजाच्या वाटेवर गेली. व्रताचेही तसेच होते. नवी खरेदी थांबली म्हणून मर्यादा शाबूत आहे, असे म्हणता येत नाही.

ही गाडी जिथे थांबली, त्या गागोद्याचाही येथे उल्लेख करणे उचित ठरेल. गागोदे बुद्रुक हे आचार्य विनोबा भावे यांचे जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५ हा त्यांचा जन्मदिवस. आजोबा शंभुरावांच्या छत्राखाली त्यांचे बालपण येथे गेले. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथे भूदानाला आरंभ झाल्यावर विनोबा जमीनदारांकडे सारी जमीन मागत नसत, सहावा हिस्सा मागत. कोणीही उघडा पडू नये आणि कोणाचीही वाटी भरून वाहू नये, हा त्यामागील विवेक. जैन समाजावर त्यांचे वेगळे ऋण आहे. सर्व संप्रदायांना मान्य होईल असा जैन धर्माचा एक सारग्रंथ असावा, ही तळमळ त्यांची. त्यातून जिनेंद्र वर्णी यांनी ७५६ गाथांचा 'समणसुत्तं' संकलित केला आणि १९७४ च्या नोव्हेंबरात दिल्लीतील संगीतीत चारही संप्रदायांनी तो स्वीकारला. १९८२ साली अन्न व औषध वर्ज्य करून विनोबांनी पवनार येथे देह ठेवला. तो दिवस १५ नोव्हेंबर, दिवाळीचा, म्हणजे भगवान महावीरांच्या निर्वाणाचा होता. पुरे झाले हे शेवटच्या श्वासापर्यंत ओळखणारा हा पुरुष त्या लहानशा गावात जन्मला.

ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे, त्यांनी एवढे अवश्य करावे. पेट्रोलचा वास आला तर सेल्फ मारू नये; माणसे आधी उतरवावीत आणि बॅटरीची तार सोडवावी. नवा भाग घेण्यापूर्वी जुना तपासावा. गाडी उभी ठेवायची असेल, तर टाकीची, गाळणीची आणि रबरी नळ्यांची काळजी घ्यावी. वर्षातून एकदा कार्बोरेटर खोलून सुई पाहून घ्यावी.

आणि ज्यांच्या घरी गाडी नाही पण पेढी आहे, त्यांनी संवत्सरीच्या आधी एक संध्याकाळ काढावी. घरातील सर्वांनी, मुलांसह, एकत्र बसावे. मालाची वही, येण्यांची यादी आणि गेल्या वर्षी घेतलेले परिमाण समोर ठेवावे. कुठे काय वाढले, ते कोणाच्या नकळत वाढले, हे शांतपणे पाहावे. कोणाला दोष देण्यासाठी हे नाही. मिस्त्रीने सुई उन्हात धरली, तितक्याच निर्विकारपणे ते करावे. आणि जे थेंबभर झिरपत असेल, ते तेव्हाच मिटवावे.